एका प्रवाशाचा विनंती थांबा

आमच्या भागात बस आली ती माझ्यामुळे आली, असं सांगितलं की लोकांना वाटतं मी समाजकार्य केलं. तसं काही नाही. कसबा पेठेत अडुसष्ट वर्षं राहून गल्लीतल्या मंडळाच्या वार्षिक अहवालातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यापलीकडे मी सार्वजनिक जीवनात कधी भाग घेतला नाही, आणि त्या कामाबद्दलही मंडळाने कधी आभार मानले नाहीत. मला बस हवी होती ती मुनव्वरभाईंना चहाला येता यावं म्हणून. एवढंच. या एवढ्याशा गोष्टीपायी चौदा महिने गेले, एक सरकारी फाइल तीनदा हरवली आणि ज्या माणसाने जन्मात कुणापुढे हात केला नाही त्याला भर रस्त्यात हात वर करून उभं राहावं लागलं. तो माणूस मी.

मुनव्वरभाई म्हणजे कसब्यातले बाइंडर. मी शेजारच्याच छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितशोधक होतो, म्हणजे प्रूफं तपासायचो. 'चुका बापूरावांनी काढायच्या आणि उरलेल्या मी पुठ्ठ्यात बांधायच्या,' असं मुनव्वरभाई आमच्या कामाच्या वाटपाबद्दल सांगत. यातलं 'उरलेल्या' मला मान्य नाही. माझ्या हातून नजरचूक झाल्याचं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. एका पंचांगात एकदा अमावस्या दोनदा पडली होती, पण ते प्रूफ माझ्या रजेच्या दिवशी गेलं होतं, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे.

दुपारी चारला छापखान्यातली यंत्रं अर्धा तास बंद व्हायची आणि मी त्यांच्या दुकानात जाऊन शिवलेल्या फर्म्यांच्या, म्हणजे छापील पानांच्या घड्यांच्या, गठ्ठ्यावर बसायचो. चहा यायचा. तेहतीस वर्षं हे चाललं, निवृत्तीनंतरही चाललं. बोलणं फारसं नसे. ते दाभणात दोरा ओवायचे, मी रस्त्यावरच्या पाट्यांतल्या चुका वाचायचो. चहा संपला की मी उठायचो. कुणी कुणाला बस म्हणत नसे आणि जा म्हणत नसे.

मग आमच्या मुलाला, आनंदला, खराडीच्या आयटी पार्कात नोकरी लागली. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार होते ते पडले नाहीत, त्याचं श्रेय घेणाऱ्या मंडळींत तोही होता. ऑफिसजवळ म्हणून त्याने खराडीच्या पलीकडे खांडेवाडी गावाच्या शिवारात एक टुमदार घर बांधलं. वसाहतीचं नाव 'स्वप्ननगरी फेज दोन'. फेज एक कुठे आहे, असं मी जमीनमालक जयसिंगरावांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "फेज एक नकाशात हाय की. पर दोन म्हणलं का गिऱ्हाइकाला भरवसा येतो." मी कसब्यातल्या दोन खोल्या सोडून तिथे राहायला गेलो, आणि गेल्याच्या पाचव्या महिन्यात कंपनीने आनंदला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. ते सहा महिने अजून चालू आहेत. दर रविवारी फोन येतो आणि तो विचारतो, "बाबा, तिकडे शांतता आहे ना?" मी म्हणतो, "आहे."

शांतता होती, हे खरंच होतं. फेज दोनमध्ये चौसष्ट प्लॉट होते. त्रेसष्टांवर गवत होतं आणि एकावर मी. प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यावर मालकाच्या नावाचा दगड होता. संध्याकाळी फिरायला निघालो की देशपांडे, कुलकर्णी, भोसले, शेख असे सगळे भेटत, पण कुणी काही बोलत नसे. सुरुवातीला मी त्या दगडांवरच्या चुका काढायचो. 'जोशि' असं लिहिलेला एक दगड तर मला पाहवत नसे. पुढे पुढे मला त्याच दगडाशी थांबावंसं वाटू लागलं, तेव्हा मात्र मी घाबरलो. खरं सांगायचं तर मला करमत नव्हतं. दुपारचे चार वाजले की मी दोन कप काढायचो आणि एक परत ठेवायचो.

कसब्यात जायचं तर खराडी नाक्यापर्यंत अडीच किलोमीटर चालायचं, मग एक बस, मग दुसरी. मी ते दर शनिवारी करत असे. मग केबलवाल्यांनी खणलेल्या चरात माझा पाय गेला, घोट्याला प्लास्टर बसलं, आणि प्लास्टर निघाल्यावरही डॉक्टरांनी चालण्याचं अंतर 'घरातल्या घरात' असं ठरवून दिलं. मुनव्वरभाईंचा डावा गुडघा तर केव्हापासूनच वाकत नाही. त्यामुळे त्यांनीही नाक्यापासून चालत येण्याचा प्रश्न नव्हता.

"रिक्षाने या," मी फोनवर म्हणालो.

"रिक्षानं आलो तर पाहुणा झालो," मुनव्वरभाई म्हणाले. "मग तुम्ही कान असलेला कप शोधाल. बशी काढाल. नाजिमा मला इस्त्रीचा सदरा घालून पाठवील. तुमच्याकडे बस सुरू झाली की येतो. बसनं आलो की नुसतं येणं झालं."

नाजिमा त्यांची सून. तिने दुकानात फोन बसवला होता, पण फोनचा आम्हाला काही उपयोग नव्हता. आमच्या चहातला मुख्य भाग न बोलण्याचा. फोनवर न बोललं की समोरचा 'हॅलो, हॅलो' करतो. आम्ही दोन-तीनदा प्रयत्न केला. दोघांनीही 'हॅलो' म्हटलं आणि ठेवून दिला.

तेव्हा बस आणायची असं मी ठरवलं.

पहिली अडचण अशी की मी कुठे राहतो हेच ठरेना. खांडेवाडी नुकतीच शहराच्या हद्दीत घेतली होती. ग्रामपंचायतीत गेलो तर दाराला कुलूप आणि कुलपाला हार. "आता आमी शेरात गेलो," जयसिंगराव म्हणाले, "आता तुमचं-आमचं शेरच बगंल." शहराच्या नियोजन कक्षात गेलो तर कारकून म्हणाले, "हद्द आली आहे, दप्तर यायचंय. दप्तर आल्याशिवाय गाव आलं असं आम्हाला म्हणता येत नाही." दप्तर गोणपाटांत भरून ठेवलं होतं आणि ते गावातल्या चंद्रभागाबाईंच्या गोठ्याच्या माळ्यावर होतं, कारण पंचायतीचं छप्पर गळत होतं. त्यामुळे साडेपाच महिने मी कायद्याने कुठेच राहत नव्हतो. वीज मात्र वेळेवर जात होती.

चंद्रभागाबाईंचा गोठा हा नकाशातला चोवीस मीटर रुंद रस्ता होता. म्हणजे बस आलीच तर ती कागदोपत्री त्यांच्या चार म्हशींमधून जाणार होती. मी भीत भीत हे त्यांच्या कानावर घातलं.

"येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "म्या काय आडवी पडतीय व्हय? पर बसला म्हनावं हळू यायचं. थोरली म्हस गाभन हाय." आणि सल्ला दिला तो असा : "तुमी एकलं एकलं ऱ्हाता, तुमी म्हस पाळा. बसचं काय घेऊन बसलाय!"

तेवढ्यात मला शेजारी मिळाले. श्रद्धा नावाची एक मुलगी खराडीत सॉफ्टवेअरमध्ये होती. प्लॉट नंबर एकोणीस तिचा. महिन्यातून एकदा स्कूटीवरून येऊन ती आपल्या गवताचा फोटो काढून जाई. माझी हकिकत ऐकून ती म्हणाली, "काका, यू आर नॉट अलोन! मी सगळ्या ओनर्सचा ई-मेल ग्रुप बनवते. प्रेशर आलं की सिस्टिम हलते." पुढच्या महिन्यात तिने मला छापील कागदांचा गठ्ठा आणून दिला. माझे त्रेसष्ट शेजारी चार खंडांत पसरले होते, आणि जगात कुठे ना कुठे दिवस असल्यामुळे सल्ले चोवीस तास येत होते. प्लॉट अकराने सॅन होजेहून लिहिलं होतं की बसऐवजी मोनोरेल मागावी. प्लॉट चाळीसने सिंगापूरहून सुचवलं की आधी सायकल ट्रॅक. मस्कतचे प्लॉट सत्तावीस म्हणत होते की बस आली तर 'नको ते लोक' येतील. मी ते वाक्य वाचून बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होतो. कुणीही यावं, असं मला वाटत होतं. सर्व पत्रांतलं मराठी रोमन लिपीत होतं, त्यामुळे मला लाल पेन काढायलाही जागा नव्हती.

लाल पेनाची गोष्ट निघालीच आहे तर ती सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला.

दप्तर आल्यावर नियोजन कक्षाकडून मला पहिलं पत्र आलं. विषय : 'प्रस्तावीत गृहवसाहतीस वहातुक सुवीधा पुरवणेबाबत.' एका ओळीत तीन चुका. मी काय करणार? एकेचाळीस वर्षांची सवय. मी लाल पेनाने काना-वेलांट्या दुरुस्त केल्या, समासात खुणा केल्या, खाली 'सुधारून पुन्हा प्रूफ दाखवावे' असं लिहिलं आणि पत्र परत पाठवलं. उत्तर आलं की खाडाखोड असलेली कागदपत्रं ग्राह्य धरता येत नाहीत. या उत्तरात 'ग्राह्य' चुकलं होतं. मी तेही दुरुस्त करून पाठवलं. त्यानंतर आमची फाइल हरवली. सापडली, मी एक स्मरणपत्र पाठवलं, त्यांच्या पोचपावतीत सात चुका होत्या, मी सातही कळवल्या, आणि फाइल पुन्हा हरवली. तिसऱ्यांदा हरवली तेव्हा मला सुदर्शन भेटायला आले.

सुदर्शन हे कक्षातले वाहतूक अभियंता. पस्तिशीचे, मूळचे विदर्भातले, आणि नकाशाची गुंडाळी ती एखादं झोपलेलं बाळ असल्यासारखी धरणारे. माझ्या ओसरीवर बसून ते म्हणाले, "काकाजी, आमच्या हेडक्लार्कना तुमचं पत्र आलं की बीपीची गोळी घ्यावी लागते. ते चुका मुद्दाम करत नाहीत जी."

"मी पण मुद्दाम काढत नाही," मी म्हणालो.

"बसचं होऊ शकते. पण नियम असा आहे, की या कोपऱ्यावर बारा तासांची गणना करावी लागते. किती गाड्या, किती पायी चालणारे. पंचवीसच्या वर पादचारी आले पाहिजेत. तुमच्या वसाहतीत राहते किती लोक?"

मी म्हणालो, "एक."

त्यांनी गुंडाळी उलगडली आणि ते नकाशाकडे बघत राहिले. तिथे चौसष्ट चौकोन छान हिरव्या रंगात भरलेले होते.

गणनेचा दिवस मंगळवार होता. सकाळी सात वाजता सुदर्शन कोपऱ्यावर सिमेंटच्या एका मोठ्या पाइपवर येऊन बसले. गटारासाठी आणलेले असे तीन पाइप तिथे पडून होते. मांडीवर तक्ता. गाडी आली की एक रेघ, माणूस आला की एक रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. साडेसातपर्यंत एकही रेघ पडली नाही. एक माणूस आपल्या कोपऱ्यावर बसला आहे आणि आपण घरात बसायचं, हे मला शोभेना. मी चहा घेऊन गेलो. सुदर्शननी चहा घेतला आणि एक रेघ मारली.

"ही कुणाची?"

"तुमची. पायी आले ना? आणि आता परत जाल ती दुसरी."

मी गंभीरपणे म्हणालो, "मी कुठल्याही खोट्या आकड्याला साथ देणार नाही."

"खोटं कुठं आहे? तक्त्यात 'पादचाऱ्यांच्या फेऱ्या' लिहिलं आहे, 'पादचारी' नाही. तुम्हीच वाचा."

मी वाचलं. खरोखर 'फेऱ्या' होतं, आणि विशेष म्हणजे शुद्ध होतं. छापलेल्या शब्दापुढे माझं काही चालत नाही. तरीही, केवळ रेघ पडावी म्हणून मी एकही फेरी मारली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. डॉक्टरांनी सांगितलेलं 'घरातल्या घरात' तेवढं मोडलं. नऊ वाजता पोहे नेले. पोह्यांवर लिंबू राहिलं होतं ते नेलं. मग पाणी. अकराला ऊन चढलं म्हणून छत्री. छत्री धरायला त्यांचा हात मोकळा नव्हता म्हणून बांधायला सुतळी. दुपारी पिठलं-भाकरी, आणि मग भाकरी संपली म्हणून आणखी एक. चंद्रभागाबाई म्हशी घेऊन चारदा गेल्या. म्हशींसाठी तक्त्यात रकाना नव्हता म्हणून थोरल्या म्हशीने बराच वेळ सुदर्शनसमोर उभं राहून निषेध नोंदवला. जयसिंगराव मोटारसायकलवरून येऊन सांगून गेले, "सायेब, मी धा मान्सं पाटवू का? नुसती हिकडनं तिकडं फिरतील." सुदर्शननी नको म्हटलं.

चार वाजता मी दोन कप चहा घेऊन गेलो आणि शेजारच्या पाइपवर बसलो. सुदर्शन रस्त्याकडे बघत होते. मीही बघत होतो. दूर खराडीच्या काचेच्या इमारतींवर ऊन पडलं होतं. आम्ही बहुधा वीस मिनिटं एक शब्दही बोललो नाही. ती माझी त्या घरातली सर्वांत चांगली दुपार होती, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सात वाजता त्यांनी बेरीज केली. एकूण फेऱ्या तीस. त्यांपैकी चंद्रभागाबाई चार. उरलेल्या सव्वीस माझ्या.

"पास," सुदर्शन म्हणाले आणि छत्रीची सुतळी सोडू लागले. कुणीतरी दिवसभर बसून मला मोजलं होतं. मी छत्री मिटली आणि घरी आलो. जेवायचंही लक्षात राहिलं नाही.

दीड महिन्याने मंजुरीचं पत्र आलं. नाक्यापर्यंत येणारी बस दिवसातून दोनदा खांडेवाडीपर्यंत वाढवली होती. एक चार वाजता यायची, आणि साडेसहाला पुन्हा येऊन शहराकडे जायची. ती शेवटची. आणि फेज दोनच्या कोपऱ्यावर 'विनंती थांबा'.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बसचे थांबे दोन जातींचे असतात. साध्या थांब्यावर बस आपलं कर्तव्य म्हणून थांबते. विनंती थांब्यावर प्रवाशाने हात वर करून विनंती करायची, मग ती थांबते. मी कसब्यातला. आम्ही दुकानदाराला वस्तू दाखवण्याची विनंती करत नाही, दुकानदारही आम्हाला ती घेण्याची करत नाही, आणि दोन्ही बाजूंचा स्वाभिमान टिकून राहतो. माझी सगळी पत्रं 'कळावे' वर संपतात. 'ही विनंती' असं मी एकदाही लिहिलेलं नाही. मी तावातावाने सुदर्शनना फोन केला.

"एकच प्रवासी आहे काकाजी," ते म्हणाले. "याच्यापेक्षा वरचा थांबा नाही बसत. आणि एक सांगू का? ते पत्र परत पाठवू नका. पेन खिशात ठेवा. हे पत्र परत आलं तर हेडक्लार्क ती फाइल म्हशीलाच खाऊ घालतील."

मी पत्र टेबलावर ठेवलं. चौदा चुका होत्या. 'विनंती'ची दुसरी वेलांटी ऱ्हस्व होती. माझं स्वतःचं नाव 'बापुराव' होतं. मी लाल पेन काढलं, टोपण उघडलं, टोपण लावलं, पेन ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवरला कुलूप घातलं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा एक अशुद्ध कागद मी तसाच सोडला. मुनव्वरभाईंसाठी सोडला. दुसऱ्या कुणासाठीही सोडला नसता.

पाटी रंगवायला उत्तरेश्वर नावाचे पेंटर सायकलवर आले. निदान पाटी तरी शुद्ध व्हावी म्हणून मी त्यांच्यामागे खुर्ची टाकून बसलो. पत्रा पिवळा, अक्षरं काळी. माझ्या देखरेखीखाली त्यांनी 'विनंती' हा शब्द दोन्ही वेलांट्यांसकट इतका मोठा आणि इतका शुद्ध काढला की पत्रा संपला, आणि 'थांबा' खालच्या ओळीत गेला. तेवढ्यात ब्रश निथळला आणि 'विनंती'च्या पुढे रंगाचा एक छोटा ओघळ आला. वर जाड, खाली बारीक, डावीकडे वळलेला.

"अहो, तो स्वल्पविराम झाला," मी ओरडलो.

"काय झाला?"

"स्वल्पविराम. कॉमा. तो तिथे नको."

"वाळू द्या काका. ओला पुसला तर पसरतो. परवा येऊन खरवडतो," असं म्हणून उत्तरेश्वरांनी पाटी खांबावर माझ्या हाताच्या वर ठोकली आणि ते गेले. ते परवा आले नाहीत. अजूनही आले नाहीत.

बसचा पहिला दिवस. मी पावणेचारपासून धुतलेलं धोतर नेसून खांबाखाली उभा. बस आली. मी ताठ उभा राहिलो. ज्या माणसासाठी सबंध शहराने मार्ग बदलला तो माणूस समोर उभा दिसतो आहे, मग हात कशाला करायचा? बस धूळ उडवत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी मी ती रस्त्यात उभं राहूनच थांबवली.

ड्रायव्हर बाबूराव खिडकीतून म्हणाले, "अवो आजोबा, मरायचंय का?"

"मी गेले दोन दिवस इथे उभा आहे. आपल्याला दिसत नाही?"

"दिसतंय की. खांब बी दिसतोय. पर हात कोन करनार? बोर्डावर काय लिवलंय? विनंती! विनंती नको का कराया?"

प्रवासी हसले. चौथ्या दिवशी मी उजवा हात वर केला. खांद्यापर्यंत गेला आणि तिथे अडकला. पाचव्या दिवशी त्यात छत्री धरून केला, म्हणजे निदान छत्रीने विनंती केली असं म्हणता यावं. बस थांबली. बाबूरावांनी विचारलं, "कुठं जायाचं?"

"कुठेही नाही," मी म्हणालो. "थांबते का ते बघत होतो."

बाबूराव जे बोलले ते माझ्या व्यवसायात कधी छापायला आलं नव्हतं. पण मी घरी गेलो ते तरंगतच. लगेच फोन लावला. "मुनव्वरभाई, बस थांबते."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मी 'हॅलो' म्हटलं नाही.

"शुक्रवारी येतो," ते म्हणाले.

शुक्रवारी चारला मुनव्वरभाई उतरले. इस्त्री नसलेल्या सदऱ्यात, खांद्याला कापडी पिशवी, डावा पाय आधी, मग काठी, मग उजवा. मी कान तुटलेलेच कप काढले होते. चहा झाला. त्यांनी पिशवीतून दाभण, दोरा आणि माझी जुनी रोजनिशी काढली. ती गेल्या वर्षी कसब्यात राहिली होती आणि तिची पानं सुटली होती. ते शिवू लागले. मी खिडकीतून बाहेर बघू लागलो. वाचायला एकही पाटी नव्हती, तरी चाललं. साडेपाच कधी वाजले कळलं नाही. सहा वाजता ते म्हणाले, "निघायला हवं." मी म्हणालो, "हो." तेहतीस वर्षं आम्ही एवढंच म्हणत आलो होतो.

कोपऱ्यापर्यंत चालायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली. एक घोटा आणि एक गुडघा. वाटेत मी त्यांना शेजाऱ्यांची ओळख करून दिली. ते प्रत्येक दगडापाशी उभे राहिले, 'जोशि' पाशी जरा जास्त. "सगळे असे गप्पच का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "सगळे." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग आम्ही सिमेंटच्या पाइपवर बसलो. खराडीच्या इमारतींतले दिवे लागायला लागले होते. बसला दहा मिनिटं होती, आणि ती दहा मिनिटं संपू नयेत असं मला फार वाटत होतं. पण म्हणायचं कसं? मला कधी म्हणताच आलं नाही. आनंद विमानतळाकडे निघाला तेव्हाही मी 'पासपोर्ट घेतलास ना' एवढंच म्हणालो होतो.

मुनव्वरभाईंनी चष्मा लावला आणि मान वर करून पाटी वाचली. त्यांना वाचायला मीच शिकवलंय असं म्हणायला हरकत नाही. स्वल्पविराम आला की ते श्वास घेतात.

"विनंती," ते म्हणाले. श्वास घेतला. "थांबा."

मग माझ्याकडे बघितलं. "बापूराव, हे तुम्ही लिहून घेतलंत?"

"छे हो. तो पेंटरचा ओघळ आहे. खरवडायला येणार होता."

"अच्छा," ते म्हणाले आणि पुन्हा एकदा, हळू, वाचलं.

वळणावर बस दिसली. माझा उजवा हात आता चांगला सरावाचा झाला होता. तो मांडीवर होता. मी मुनव्वरभाईंच्या हाताकडे बघितलं. तो पिशवीच्या बंदावर होता आणि हलत नव्हता. बाबूरावांनी आपणहून वेग कमी केला. दोन म्हातारे खांबाखाली बसलेले त्यांना स्वच्छ दिसत होते.

"अवो, हात करा की!" ते ओरडले. "शेवटची हाय!"

आम्ही दोघांनीही ऐकलं. बस जरा रेंगाळली, मग गिअर पडला आणि ती शहराकडे गेली. धूळ हळूहळू खाली बसली.

"नाजिमाला फोन करायला लागेल," मुनव्वरभाई म्हणाले. "काय सांगू?"

"सांगा, बस चुकली," मी म्हणालो. "माझी नजरचूक झाली."

त्यांनी काठी टेकवली आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले.

"असू द्या," ते म्हणाले. "ही दुरुस्त करू नका."